होरसचा डोळा कुणावर नजर ठेवत नाही

गिझाच्या पिरॅमिडांजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम १ नोव्हेंबर २०२५ रोजी एकदाचं रीतसर उघडलं. तुतनखामुनच्या थडग्यात सापडलेल्या पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे पहिल्यांदाच एका छपराखाली आल्या. तेव्हापासून समाजमाध्यमांवर इजिप्तला पुन्हा उधाण आलं आहे, आणि त्यात एक चित्र सारखं डोळ्यांसमोर येतं. वर जाड भुवई, खाली सरळ उतरणारी एक रेघ, आणि मागे जाऊन गोल वळण घेणारी दुसरी रेघ. हाच होरसचा डोळा. टॅटूवाल्याच्या वहीत तो असतो, चांदीच्या पेंडंटमध्ये असतो, योगा मॅटवरसुद्धा असतो.

त्याच्याबद्दल सांगणाऱ्यांचीही कमी नाही. कुणी म्हणतं हा तिसरा डोळा, कुणी म्हणतं मेंदूतल्या पीनियल ग्रंथीचा नकाशा. डॉलरच्या नोटेवरचा डोळा तो हाच, आणि त्याच्या तुकड्यांत अपूर्णांकांचं गुप्त गणित दडलंय, असंही ठासून सांगितलं जातं. गंमत अशी की यातली बरीच विधानं एकाच गृहीतावर उभी आहेत. डोळा आहे म्हणजे तो बघण्यासाठीच असणार, कुणीतरी कुणावर तरी लक्ष ठेवत असणार. खुद्द इजिप्तच्या लोकांच्या लेखी या डोळ्याचं मोल वेगळ्याच कारणासाठी होतं. तो एकदा फुटला होता आणि पुन्हा धड झाला होता.

## चित्रात काय काय आहे

डोळा आणि भुवई माणसाची आहे. खालच्या दोन रेघा मात्र माणसाच्या चेहऱ्यावर सापडायच्या नाहीत. ससाण्याचा फोटो जवळून पाहा. डोळ्याखाली गालावर उतरणारा गडद पट्टा दिसेल. होरस हा ससाण्याच्या रूपातला आकाशाचा देव, म्हणून त्याच्या डोळ्याला पक्ष्याच्या गालावरची ही खूण जोडलेली आहे. मागे वळणाऱ्या रेघेचा उगम काही अभ्यासक चित्त्याच्या चेहऱ्यात शोधतात, पण त्यावर एकमत नाही.

या चिन्हाचं इजिप्शियन नाव वेजात. अर्थ साधा आहे: धड, शाबूत, अखंड. नावात 'बघणं' कुठेच नाही. पुढचं सगळं समजायला एवढा एकच परका शब्द पुरे.

डावा डोळा की उजवा, हे ओळखायचं असेल तर वळणदार रेघ कुठे जाते ते बघा. ती कानाच्या दिशेला जाते. चित्रात ती तुमच्या उजव्या हाताला जात असेल, तर तो होरसचा डावा डोळा. साधारणपणे उजवा सूर्याचा आणि डावा चंद्राचा मानत. साधारणपणे म्हणायचं कारण असं, की इजिप्तच्या कारागिरांनी हा नियम काटेकोर पाळलेला नाही. ताईत दोन्ही बाजूंचे सापडतात.

## डोळा फुटला कसा

ओसायरिस हा राजा. त्याचा भाऊ सेत त्याला ठार मारतो. ओसायरिसची बायको आयसिस, मुलगा होरस. मुलगा मोठा होऊन बापाच्या गादीवर हक्क सांगतो आणि काका-पुतण्यांत जुंपते. (पेशवाई वाचलेल्या माणसाला हे प्रकरण समजावून सांगायची गरज पडू नये.) या झटापटीत सेत होरसचा डोळा फोडतो.

पुढे काय झालं याच्या गोष्टी अनेक आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. जास्त प्रचलित गोष्टीत लेखनाचा आणि विद्येचा देव थोथ तो डोळा नीट करतो. आपण ज्याला मृतांचा ग्रंथ म्हणतो त्यातल्या १७व्या मंत्रात थोथचं हे काम येतं. तिथे डोळा 'भरला' असं म्हटलंय.

मला स्वतःला दुसरी गोष्ट जास्त आवडते. ती इ. स. पू. बाराव्या शतकातल्या, पाचव्या रामेसिस राजाच्या काळातल्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर आहे. हा पपायरस आज डब्लिनमध्ये आहे. त्यात सेत होरसचे दोन्ही डोळे काढतो आणि डोंगरात पुरतो. पुरलेल्या डोळ्यांतून कमळं उगवतात. होरस वाळवंटात रडत पडलेला हाथोर देवीला सापडतो. ती एक हरिणी पकडते, तिचं दूध काढते, होरसला म्हणते डोळे उघड, आणि आधी उजव्यात मग डाव्यात दूध घालते. बघते तर डोळे बरे. चमत्कारच, पण तोही घरगुती औषधाच्या वाटेने केलेला. इजिप्तच्या वैद्यकीय पपायरसांमध्ये डोळ्यांच्या औषधांत दूध खरोखरच येतं, त्यामुळे ही गोष्ट ऐकणाऱ्याला ते काही फार अद्भुत वाटलं नसेल.

चंद्राचा संबंध इथूनच लागतो. चंद्र दर महिन्याला झिजतो, नाहीसा होतो आणि पुन्हा भरतो. फुटलेला डोळा दर महिन्याला सगळ्यांच्या डोक्यावर बरा होताना दिसत होता. देंडेराच्या हाथोर मंदिरात छतावर हे चित्रच काढलेलं आहे. एक जिना, त्याच्या पायऱ्यांवर एकामागे एक चौदा देव, आणि जिन्याच्या टोकाला चकतीत बसवलेला वेजात. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचे चौदा दिवस म्हणजे या चौदा पायऱ्या. मंदिर तसं उशिराचं, टॉलेमी राजे आणि रोमन सम्राटांच्या काळातलं. म्हणजे मूळ कल्पनेला तोवर दोन हजारांहून अधिक वर्षं होऊन गेली होती.

## भाकरी, बिअर आणि होरसचा डोळा

गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर वेजात हे पुराणातलं एक चिन्ह राहिलं असतं. ते रोजच्या धर्मव्यवहारात शिरलं ते पुढच्या प्रसंगामुळे. बरा झालेला डोळा होरस स्वतःजवळ ठेवत नाही. तो मेलेल्या बापाला नेऊन देतो आणि त्याच्या बळावर ओसायरिस परलोकात पुन्हा जिवंत होतो. मुलाने मृत बापाला दिलेली ही पहिली भेट. त्यामुळे पुढे मृताला जे जे अर्पण करायचं, त्या प्रत्येक वस्तूला 'होरसचा डोळा' म्हणण्याचा प्रघात पडला.

याचा सगळ्यात जुना मोठा पुरावा सक्कारा इथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये आहे, सुमारे इ. स. पू. २३५०चा. आतल्या खोल्यांच्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रलिपीने भरलेल्या आहेत. त्यात अर्पणविधीची एक लांबलचक यादी येते. दर ओळीत मृत राजाला ओसायरिस म्हणून हाक मारायची, 'होरसचा डोळा घे' म्हणायचं, आणि शेजारी वस्तू लिहिलेली: पाव, बिअर, तेल, कापड, धूप. हातात पाव आहे, तोंडाने डोळा म्हणतोय.

हे विचित्र वाटत असेल तर आपल्याकडची पूजा आठवा. देवाला वाहायला वस्त्र नसेल तर गुरुजी सांगतात, 'वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि', आणि चार तांदूळ वाहून वस्त्र दिल्याचं मानलं जातं. दागिना नसेल तर त्याच्याही जागी अक्षताच. आणि तो दाणा तुटका चालत नाही, तांदूळ निवडताना कणी बाजूला काढावी लागते. दोन्ही संस्कृतींचा इथे संबंध आहे असं मी अजिबात म्हणत नाही. कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही. पण धड असलेली एक छोटी वस्तू इतर सगळ्या वस्तूंच्या जागी उभी राहू शकते, हा विचार मराठी घरात वाढलेल्या माणसाला परका नसावा.

## गरिबाच्याही गळ्यात

ताईत म्हणून वेजातचा वापर पिरॅमिडांच्या काळाच्या उत्तरार्धात सुरू झाला तो रोमन अमदानीपर्यंत टिकला. इतकी वर्षं आणि इतक्या संख्येने बनलेले दुसरे ताईत इजिप्तमध्ये फारसे नाहीत, शेणकिड्याच्या आकाराचा स्कॅरॅब सोडला तर. सोन्याचे आहेत, अकीकाचे आहेत, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या निळ्या लापिस लाझुलीचेही आहेत. पण ढिगाने सापडतात ते निळ्या-हिरव्या फेअन्सचे.

फेअन्स म्हणजे मातीचं भांडं नव्हे. गारगोटीची किंवा वाळूची बारीक पूड, थोडा चुना, खारट सोडा किंवा वनस्पतींची राख, आणि रंगासाठी तांबं. हे मिश्रण ओलं करून मातीच्या छोट्या साच्यात दाबायचं, काढून वाळवायचं. वाळताना आतला क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि पांढरट थर धरतो. भट्टीत तोच थर वितळून चकचकीत निळी झिलई होते. वेगळी झिलई लावायला नको, वेगळा कारागीर नको. अमार्ना इथे फ्लिंडर्स पेट्री यांना १८९१-९२च्या उत्खननात असे साचे हजारोंनी सापडले. महाग निळ्या दगडाचा रंग कमी खर्चात मिळाला आणि अखंडपणाचा ताईत सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

जिवंतपणी गळ्यात असलेला हा ताईत मेल्यावर ममीच्या पट्ट्यांत गुंडाळला जाई. ममीच्या बाबतीत तर एक जागा अशी आहे, जिथे या चिन्हाचा अर्थ सगळ्यात उघडा पडतो. ममी करताना पोटाच्या डाव्या बाजूला चीर देऊन यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी बाहेर काढत. ही चीर बऱ्याचदा शिवत नसत. तिच्यावर एक पत्रा ठेवत, आणि त्या पत्र्यावर कोरलेला असे वेजात. तानिस इथे पिएर मोंते यांनी १९४० साली उघडलेल्या पहिल्या सुसेनेस राजाच्या थडग्यात हा पत्रा सोन्याचा होता. मधोमध डोळा, दोन्ही बाजूंना होरसचे दोन-दोन मुलगे, म्हणजे काढलेल्या अवयवांचे राखणदार. (थडगं न लुटलेलं, शवपेटी चांदीची. पण युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं, त्यामुळे तुतनखामुनसारखा गाजावाजा या राजाच्या वाट्याला आला नाही.) डोळा बघण्यासाठी असता तर पोटाच्या जखमेवर त्याचं काय काम? तो तिथे आहे कारण शरीर तिथे फाटलं आहे आणि ते पुन्हा धड व्हायचं आहे.

## पण शवपेट्यांवर तर डोळे बघण्यासाठीच काढलेत ना?

हा आक्षेप रास्त आहे. मध्य राज्याच्या काळातल्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी शवपेट्यांवर एका बाजूला डोळ्यांची जोडी रंगवलेली असते. मृत माणसाला आत डाव्या कुशीवर झोपवत, तोंड बरोबर त्या डोळ्यांमागे येईल असं. पेटीची ती बाजू पूर्वेला करत, म्हणजे आतल्याला उगवता सूर्य दिसावा. इथे डोळे खरोखर खिडकीचं काम करतात.

म्हणजे बघण्याचा अर्थ नव्हताच, असं नाही. तो होता, पण मृताने बाहेर बघावं म्हणून. कुणीतरी वरून सगळ्यांवर पाळत ठेवतंय, ही कल्पना त्यातही नाही.

## आणि रा देवाचा डोळा?

या दोघांची सरमिसळ आजच्या दुकानदारांनी सुरू केलेली नाही, ती इजिप्तमध्येच झाली. सूर्यदेव रा याचा डोळा ही मुळात एक देवी आहे, त्याची मुलगी, आणि स्वभावाने जहाल. एका कथेत म्हाताऱ्या राविरुद्ध माणसं कट करतात. तो आपला डोळा हाथोरच्या रूपात त्यांच्यावर सोडतो. ती अशी पेटते की माणसांचा समूळ नाश व्हायची वेळ येते. शेवटी राच्या हुकमावरून सात हजार घडे बिअर लाल रंगवून शेतांवर ओततात. ती रक्त समजून पिते, झिंगते आणि मानवजात वाचते. ही कथा तुतनखामुनच्या सोनेरी देव्हाऱ्यावरही कोरलेली आहे.

होरसचा डोळा मार खाऊन बरा होणारा, राचा डोळा मार देणारा. फरक मोठा आहे. चित्र मात्र दोघांसाठी बऱ्याचदा तेच काढलं जाई, म्हणून नुसता पेंडंट बघून हा कुणाचा डोळा हे सांगता येत नाही. राखणीचा गुण वेजातला थोडाफार या जहाल बहिणीकडूनही आला असणार.

## तिसरा डोळा, डॉलर आणि डॉक्टरची चिठ्ठी

पीनियल ग्रंथीचं आधी उरकून टाकू. मेंदूच्या उभ्या छेदाचं चित्र आणि वेजात शेजारी ठेवले की आकार सारखे दिसतात, हा त्यातला एकमेव पुरावा. पण इजिप्तचे लोक मेंदूला काय किंमत देत होते? ममी करताना तो नाकातून आकडा घालून काढत आणि टाकून देत. यकृत आणि आतड्यांसाठी जपून ठेवायला बरण्या होत्या, मेंदूसाठी नव्हती. विचार करायचा तो हृदयाने, म्हणून हृदय शक्यतो शरीरातच राहू देत. ज्या अवयवाला बरणीचासुद्धा मान नाही, त्यातल्या एका वाटाण्याहून लहान ग्रंथीचं चित्र हे लोक गळ्यात कशाला घालतील?

डॉलरच्या नोटेवरचा डोळा त्रिकोणी पिरॅमिडच्या टोकाला आहे, म्हणून तो इजिप्तचा वाटतो. तो आला अमेरिकेच्या १७८२च्या राजमुद्रेतून, आणि नोटेवर छापला गेला १९३५पासून. तेजोवलयातला एक डोळा म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर, ही युरोपातल्या ख्रिस्ती चित्रकलेतली जुनी खूण. ना ससाण्याच्या गालाची रेघ, ना मागचं वळण. हा डोळा मात्र खरोखरच बघणारा आहे, आणि होरसच्या डोळ्याला 'पाळत ठेवणारा' हा अर्थ चिकटला तो बहुधा याच्या संगतीने.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं आरएक्स होरसच्या डोळ्यातून आलं, ही गोष्ट फार्मसीच्या विद्यार्थ्यांनाही सांगितली जाते. ते 'घ्या' या अर्थाच्या लॅटिन 'रेसिपे' शब्दाचं संक्षिप्त रूप आहे. पहिलं अक्षर आर, आणि शब्द तोडल्याची खूण म्हणून त्याच्या पायावर मारलेली काट.

नजर लागू नये म्हणून घालतात, याला मी चूक म्हणणार नाही. वाईटापासून राखण हा वेजातचा उपयोग होताच. फक्त दुकानात त्याच्या शेजारी टांगलेला तुर्कस्तानचा निळ्या काचेचा गोल डोळा हा वेगळ्या कुळातला. तो वाईट नजरेला उलट नजर देतो, असं मानतात.

## अपूर्णांकांची गोष्ट एवढी पटते, ती खोटी कशी?

खरं सांगायचं तर या यादीतली ही एकच गोष्ट अशी आहे, जी अनेक वर्षं जाणकारांनीही खरी मानली. ती अशी: डोळ्याचे सहा तुकडे पडले. एकेक तुकडा म्हणजे १/२, १/४, १/८, १/१६, १/३२, १/६४. धान्य मोजायचं इजिप्शियन माप हेकात, सुमारे ४.८ लिटरचं, त्याचे भाग या तुकड्यांनी लिहीत. बेरीज करा, ६३/६४ येते. उरलेला १/६४ थोथने जादूने भरला. इतकी देखणी गोष्ट मोडायला जिवावर येतं.

यातलं मापाचं गणित खरं आहे. हेकातचे अर्धे, पाव, आठवा असे निम्म्या-निम्म्याने भाग करत आणि प्रत्येकाला वेगळी खूण होती. ऱ्हाइंड पपायरसमध्ये, सुमारे इ. स. पू. १५५०च्या गणिताच्या नामांकित दस्तऐवजात, ती पद्धत वापरलेली आहे. प्रश्न त्या खुणा डोळ्याचे तुकडे होते का, एवढाच आहे. तसं असावं हे सुचवलं जर्मन अभ्यासक गेओर्ग म्योलर यांनी, १९११ साली. अ‍ॅलन गार्डिनर यांनी ते इजिप्शियन भाषेच्या आपल्या १९२७च्या व्याकरणात घेतलं, आणि ते व्याकरण पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या टेबलावर असल्याने पुढे कुणी उलटून पाहिलं नाही. २००२ साली गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक जिम रिटर यांनी जुन्या कागदपत्रांतल्या खुणा काळाच्या क्रमाने लावल्या. कारकून घाईच्या कामात चित्रलिपी वापरत नसत, हिअरॅटिक नावाची वळणदार लिपी लिहीत, आणि या खुणा तिच्यातल्या आहेत. जितकं मागे जावं तितक्या त्या डोळ्याच्या भागांपासून दूर जातात. डोळ्यापासून निघाल्या असत्या तर उलट व्हायला हवं होतं.

थोथ आणि १/६४ची गोष्ट तर कुठल्याच प्राचीन मजकुरात सापडत नाही. थोथ डोळा भरतो हे जुनं, आणि बेरीज ६४ला एक कमी पडते हेही खरं. दोघांची गाठ मारली ती आधुनिक काळात.

तरी ती गोष्ट आता तुमच्या फोनमध्येही आहे. गार्डिनर यांनी चित्रलिपीच्या चिन्हांची जी यादी केली, तिच्यात अखंड वेजातला डी १० हा क्रमांक आहे आणि त्याच्या सहा तुकड्यांना डी ११ ते डी १६. संगणकांसाठी जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने २००९ साली ही यादी जवळजवळ तशीच उचलली, त्यात ते सहा तुकडेही आले. एकदा दिलेलं चिन्ह परत काढायचं नाही असा युनिकोडचा नियम आहे. त्यामुळे रिटर यांचा निष्कर्ष सगळ्यांना पटला तरी १९११चा तो तर्क तिथून हलणार नाही.